संशोधन सांगतं... पण पुढे काय झालं?

मागच्या आठवड्यात भाचेसुनेचा फोन आला. एरवी ती व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकते. फोन आला म्हणजे काहीतरी असणार, हे लक्षात आलंच.

"मावशी, ग्रुपवरचा तो मेसेज वाचलात का? गोवराच्या लसीचा?"

वाचला होता. आमच्या माहेरच्या ग्रुपवर आमच्याच दादांनी तो पुढे ढकलला होता. 'परदेशी संशोधनाने सिद्ध झाले आहे की...' अशी सुरुवात, लसीमुळे मुलं स्वमग्न होतात असा शेवट, आणि खाली हात जोडल्याची चार चित्रं. नात साडेआठ महिन्यांची आहे. नऊ महिने पूर्ण झाले की गोवराची लस असते.

"थोडं थांबू का मावशी? मोठी झाल्यावर दिली तर चालेल ना?"

थांबू नकोस, वेळेवर दे, आणि शंका असेल तर ग्रुपला नको, डॉक्टरांना विचार, असं मी सांगितलं. पण फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. कारण ती बातमी माझ्या ओळखीची होती. कुठेतरी मीच ती जपून ठेवली होती.

मला कात्रणांची जुनी सवय आहे. शाळेत रोज सकाळी परिपाठ असायचा. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि बातम्या. मुलांना राजकारणाच्या बातम्या काय सांगायच्या, म्हणून मी शोध, संशोधन, आरोग्य असलं काहीतरी कापून वहीत चिकटवायची आणि वाचून दाखवायची. निवृत्त झाल्यावर परिपाठ सुटला, कात्री सुटली नाही. अशा सात वह्या आहेत. त्यातल्या दोनांवर 'विज्ञान' असं लिहिलेलं आहे. त्या माळ्यावरून काढल्या आणि दुसऱ्याच वहीत ते कात्रण सापडलं. 'लसीमुळे स्वमग्नता?' मथळ्यात प्रश्नचिन्ह होतं. पण मंडळी, परिपाठाच्या रांगेत उभ्या असलेल्या दोनशे मुलांना प्रश्नचिन्ह ऐकू येतं का? ती बातमी मी मोठ्याने वाचली असेल, तर मुलांच्या कानांवर फक्त 'लसीमुळे स्वमग्नता' एवढंच गेलं असणार. आज त्यांतल्या कितीतरी मुलांची मुलं शाळेत आहेत.

मग मी एक उद्योग केला. वहीतल्या मोठ्या मोठ्या बातम्यांचं पुढे काय झालं, ते शोधत बसले. माझं इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून वाचण्याइतपतच. त्यामुळे चार-पाच दिवस गेले, चष्म्याच्या काचा पुसून पुसून थकले. पण जे सापडलं त्याने राग आला, आणि तो कोणावर काढावा हे न कळून हे लिहायला बसले.

आधी त्या लसीचंच सांगते.

१९९८ च्या फेब्रुवारीत 'लॅन्सेट' या ब्रिटनच्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. किती मुलांवरून? बारा. हो, फक्त बारा मुलं! तेवढ्यावरून गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लसीवर संशय घेतला गेला. पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने खणून काढलं, की लस बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्डना पैसे मिळत होते आणि ते त्यांनी सांगितलंच नव्हतं. मुलांच्या नोंदींतही फेरफार होते. २००४ मध्ये बारा सहलेखकांपैकी दहा जणांनी त्या निष्कर्षातून अंग काढून घेतलं. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने तो निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या यादीतून काढून टाकण्यात आलं. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून झाल्या. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेच्या बाबतीत फरक नाही. बारा मुलं एका बाजूला, साडेसहा लाख दुसऱ्या बाजूला.

यातलं एक अक्षर माझ्या वहीत नाही. निबंध मागे घेतला गेला तेव्हाही मी रोज पेपर वाचत होते, कात्री हातात होती. मग ती बातमी आलीच नाही, की कुठे आतल्या पानावर दोन ओळींत आली आणि माझ्या नजरेतून सुटली? काहीही असो, माझ्यापर्यंत पोचली नाही. दादांपर्यंतही पोचली नाही. म्हणूनच २०१० साली मागे घेतलेला निबंध आज आमच्या ग्रुपवर ताज्या बातमीसारखा फिरतो आहे.

आणि याची किंमत कोण देतं? ब्रिटनमध्ये त्या काळात लस घेणाऱ्या लहान मुलांचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांपर्यंत खाली आलं होतं. गोवर इतका पसरणारा रोग आहे, की तो थोपवायला शंभरातल्या ९५ मुलांना तरी लस लागते. आपल्याकडे २०२२ च्या शेवटी मुंबईत, गोवंडीच्या बाजूला, गोवराची साथ आली आणि मुलं दगावली. तिथे अफवेपेक्षा गरिबी, स्थलांतर आणि करोनात चुकलेल्या लसी ही कारणं मोठी होती, हे मला कबूल आहे. पण २०२५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये गोवराने दोन मुली गेल्या. दोघींनाही लस दिलेली नव्हती. तिथे ना दवाखाना लांब होता, ना लसीचा तुटवडा. गोवराला आपण लहानपणी 'गोवर आलाय' म्हणून कडुनिंबाच्या पाल्यावर निजवून बरं करायचो, त्यामुळे तो किरकोळ वाटतो. जी मुलं बरी झाली नाहीत, ती आपल्या आठवणी सांगायला उरली नाहीत, एवढंच.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या भाषेत संशोधनाच्या जन्माची नोंद होते, मृत्यूची होत नाही. बारसं थाटात होतं, पेढे वाटले जातात. पुढे ते बाळ जगलं का, धड निघालं का, याची खबर कोणी आणत नाही. हे फक्त लसीच्या बाबतीत झालं असतं तर मी गप्प बसले असते. पण वहीचं दर पान उलटताना तेच!

दुसरं कात्रण माशांचं. 'फाइंडिंग नीमो' सिनेमातला तो नारिंगी-पांढरा क्लाउनफिश तुम्ही पाहिला असेल. २००९ पासून ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचे निबंध येऊ लागले, की हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळून पाणी आम्लाकडे झुकतं, आणि अशा पाण्यात वाढलेल्या या माशांच्या पिल्लांना वास ओळखता येत नाहीत. इतके की शिकारी माशाच्या वासापासून पळायचं सोडून ती त्याच्याकडेच ओढली जातात. मला ही गोष्ट फार भावली होती. मी कात्रणाखाली 'माणसाच्या पापाची फळं मुक्या जिवांना' असं लिहूनही ठेवलं होतं!

पुढे काय झालं? दुसऱ्या संशोधकांनी तीन वर्षं खपून सहा जातींच्या ९०० हून जास्त माशांवर तेच प्रयोग पुन्हा केले आणि २०२० च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये लिहिलं, की असं काही दिसत नाही. मूळ संशोधकांनी उत्तर दिलं, वाद झाला. २०२२ मध्ये या विषयावरचे सगळे निबंध एकत्र मांडून पाहिले गेले, तेव्हा दिसलं की सुरुवातीच्या निबंधांत परिणाम भलामोठा आणि जसजशी वर्षं गेली तसतसा तो विरत जवळजवळ नाहीसा झालेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'सायन्स'ने याच गटातल्या एका संशोधिकेचा, फिजीच्या प्रवाळांवरचा २०१४ चा निबंध मागे घेतला. तिच्या विद्यापीठाने चौकशी करून गैरप्रकार झाल्याचा निष्कर्ष काढला होता.

इथे मात्र सावध राहायला हवं. माशांच्या नाकाची गोष्ट पडली, म्हणजे समुद्राची गोष्ट पडली असं नाही. कारखाने सुरू झाल्यापासून आजवर समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू साधारण ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकडा छोटा दिसतो, पण सामूची मोजपट्टी अशी आहे की त्याचा अर्थ आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली असा होतो. प्रवाळ, कालवं, शिंपले यांना आपलं चुन्याचं घर बांधणं त्यामुळे जड जातं. हे जागोजागी मोजलेलं आहे. एका निबंधाचं मढं दाखवून अख्खा समुद्रच खोटा ठरवणारे लोकही आहेत, आणि ते दादांच्या मेसेजइतकेच घातक आहेत. कोणतं मेलं आणि कोणतं जिवंत आहे, हे नीट कळण्यासाठीच तर नोंद हवी!

आता तिसरं. हे लिहिताना मला जड जातंय.

२००० च्या आसपास एका प्रशिक्षण शिबिरात आम्हाला मार्शमॅलोची गोष्ट सांगितली गेली. तुम्हीही ऐकली असेल. आजकाल कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकासाच्या भाषणात असतेच. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या शेवटी लहान मुलांसमोर खाऊ ठेवला आणि सांगितलं, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. जी मुलं थांबली ती पुढे परीक्षांत हुशार निघाली. तात्पर्य, संयम ज्याच्यापाशी त्याचं भविष्य उज्ज्वल.

मी शाळेत परत आले आणि पाचवीच्या वर्गात चिक्की वाटली. तास संपेपर्यंत जो ठेवेल त्याला आणखी एक. पहिल्या दोन मिनिटांत एका मुलाने खाऊन टाकली. मागच्या बाकावरचा, अंगात मोठ्या भावाचा शर्ट. मी त्याला उभं केलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "बघा, याला धीर नाही. असं वागलं की आयुष्यात मागे राहायला होतं." मुलं हसली. तो खाली बघत उभा राहिला. पुढची कितीतरी वर्षं पालकसभेत मी ही गोष्ट सांगितली, आणि त्याचं उदाहरण नाव न घेता दिलं.

त्या संशोधनाचं पुढे काय झालं, ऐका. मिशेल यांच्या बालवाडीतली मुलं बहुतेक विद्यापीठातल्या लोकांची, खात्यापित्या घरची होती, आणि ज्यांच्या परीक्षांचे गुण पुढे पाहिले गेले ती शंभरसुद्धा नव्हती. २०१८ मध्ये ९०० हून जास्त, सगळ्या थरांतल्या मुलांवर हे पुन्हा तपासलं गेलं. थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध निम्म्यावर आला. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण, अशा गोष्टी हिशेबात धरल्यावर उरलेल्यातलाही दोन तृतीयांश गेला. म्हणजे आपण ज्याला संयम समजत होतो, त्यात बरंचसं घरातलं भरलेलं फडताळ होतं.

त्याआधी २०१३ मध्ये रोचेस्टर विद्यापीठात एक छोटा प्रयोग झाला होता. मुलांना आधी चांगले रंग आणून देतो म्हणून सांगायचं. काहींना खरंच आणून द्यायचे, काहींना 'अरे, नाहीत रे' म्हणायचं. मग खाऊ ठेवायचा. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं ती तीन मिनिटं. अठ्ठावीसच मुलं होती, त्यामुळे फार मोठं काही यातून सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. तीच चूक पुन्हा कशाला? पण तो मोठ्या भावाचा शर्ट मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. घरात चार भावंडं होती त्याच्या. हातातली चिक्की खाल्ली नाही तर ती आपली राहील, आणि मोठी माणसं 'नंतर देतो' म्हणाली की देतात, हे दोन्ही त्याने कधी अनुभवलंच नसेल. वर्गातला शहाणा बहुधा तोच होता.

मला शिबिरात ती गोष्ट सांगितली गेली. २०१८ नंतर ती दुरुस्त करायला कोणाचं पत्र आलं नाही. आजही कोणत्या तरी शाळेत कोणी तरी बाई चिक्की वाटत असतील.

याच खात्यातला आणखी एक नमुना. माणसाने फॉर्मच्या शेवटी सही करण्याऐवजी सुरुवातीलाच सही केली, तर तो फॉर्म जास्त प्रामाणिकपणे भरतो, असा २०१२ चा एक अमेरिकेतला निबंध. त्यात गाड्यांच्या विमा कंपनीची आकडेवारी होती. २०२० मध्ये त्याच लेखकांनी आणखी काही जणांना बरोबर घेऊन प्रयोग पुन्हा केला आणि स्वतःच लिहिलं, की असं होत नाही. २०२१ मध्ये तिघा अभ्यासकांनी ती विम्याची आकडेवारीच बारकाईने तपासली, तर गाड्या किती मैल चालल्या याचे आकडे बनावट निघाले. निबंध मागे घेतला गेला. विषय काय होता? प्रामाणिकपणा! हसावं की रडावं?

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग विज्ञानावर विश्वास ठेवायचाच कशाला? आज एक सांगतात, उद्या दुसरं. हा प्रश्न मला आमच्या सोसायटीच्या बाकावर रोज ऐकू येतो. कधी कॉफी चांगली, कधी वाईट, कधी अंडं खा, कधी नको. 'त्यापेक्षा आपले पूर्वज बरे' असा समारोप ठरलेला.

नाही. ठामपणे नाही. वर सांगितलेल्या चुका कोणी पकडल्या? एक पत्रकार सोडला तर बाकी सगळ्या संशोधकांनीच. चुलत्यांनी घरातल्याची चोरी पकडावी तशा. आपल्याकडे अंगारे देणारे एवढे बाबा होऊन गेले, त्यांतल्या एकाने तरी 'माझा अंगारा चालत नाही, मी तो मागे घेतो' असं जाहीर केल्याचं ऐकलंय का तुम्ही? मागे घेता येणं हीच तर विज्ञानाची श्रीमंती आहे.

२०११ चं कात्रण बघा. 'आइन्स्टाइन खोटा ठरणार?' स्वित्झर्लंडमधल्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण जमिनीखालून सुमारे ७३० किलोमीटर जाऊन इटलीतल्या ग्रान सासोला पोचतात. ते प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचले असं मोजमाप आलं. त्या शास्त्रज्ञांनी काय केलं? 'आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा' असं जगाला सांगितलं. काही महिन्यांत चूक त्यांनाच सापडली. एक ऑप्टिकल केबल नीट घट्ट बसवलेली नव्हती! शेजारच्याच दुसऱ्या प्रयोगानेही वेग नेहमीचाच असल्याचं मोजलं, आणि २०१२ च्या जूनमध्ये क्योटोच्या परिषदेत विषय संपला. आइन्स्टाइन शाबूत. इतकी लाजिरवाणी चूक चारचौघांत कबूल करायला केवढं मोठं मन लागत असेल. माझ्या वहीत मात्र आइन्स्टाइन अजून खोटाच आहे.

किंवा २०२३ चा जुलै घ्या. दक्षिण कोरियातल्या काही जणांनी 'एलके-९९' नावाचा काळपट दगडासारखा पदार्थ केला. साध्या तापमानाला त्यातून वीज कोणत्याही अडथळ्याशिवाय वाहते, असा त्यांचा दावा. खरं असतं तर विजेच्या तारांपासून दवाखान्यातल्या एमआरआय यंत्रापर्यंत सगळं बदललं असतं. तज्ज्ञांनी तपासण्याआधीच निबंध इंटरनेटवर टाकला होता. व्हिडिओ फिरले, आमच्या ग्रुपवरही आला. मग जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला. आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही बनवला आणि सांगितलं, हा तसा नाही. विजेचा अडथळा एकदम कमी झाल्यासारखा दिसत होता तो कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे. महिनाभरात निकाल लागला. बघा, तपासणारे लोक आपल्याच देशातले होते, तरी आपल्या ग्रुपवर दावा आला आणि निकाल आला नाही.

म्हणजे माझा राग शास्त्रज्ञांवर नाही. लबाडांवर आहे, पण ते कुठल्या धंद्यात नसतात? निबंधांच्या संख्येवर नोकरी आणि बढती ठरवली, की गुणांसाठी कॉपी करणाऱ्या पोरांसारखे लोक निपजणारच. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून जास्त शोधनिबंध मागे घेतले गेले. ते कोणते, हे शोधून नोंदवणारे लोक आहेत. 'रिट्रॅक्शन वॉच' नावाने दोन पत्रकारांनी २०१० पासून हेच काम चालवलं. माहिती आहे, उघड आहे, फुकट आहे.

माझा राग मधल्या माणसांवर आहे. म्हणजे पेपरवर, शिबिरांत गोष्टी सांगणाऱ्यांवर, मेसेज ढकलणाऱ्यांवर. आणि त्या रांगेत मीही उभी आहे. 'संशोधन सांगतं' हे दोन शब्द आपण देवाच्या कौलासारखे वापरतो. कोणाचं संशोधन, कुठे छापलं, कोणत्या साली, किती माणसांवर, की उंदरांवर? काही नाही. मुलाने निबंधाच्या वहीत 'थोर लोक म्हणतात' असं लिहिलं, तर मी समासात 'कोण?' असं लिहायची. पेपरला आणि दादांना तो प्रश्न कोणी विचारायचा?

म्हणून माझ्या मागण्या आहेत, आणि त्या फार नाहीत.

पहिली. संशोधनाची बातमी देताना नियतकालिकाचं नाव, साल आणि किती जणांवर प्रयोग झाला तो आकडा द्या. 'बारा मुलं' हे दोन शब्द त्या १९९८ च्या बातमीच्या मथळ्यात असते, तर अर्ध्या आयांनी पान उलटलं असतं.

दुसरी. ज्याने बारशाची बातमी दिली त्यानेच पुढची खबरही द्यावी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. पहिल्या पानावर आइन्स्टाइनला पाडलंत ना? मग पहिल्या पानावरच उभा करा.

तिसरी आपल्या सगळ्यांसाठी. नवीन संशोधन आलं की टाळ्या वाजवायला थोडं थांबा. दुसऱ्या कोणी करून पाहिलं का, एवढं विचारा. आणि आपण पुढे ढकललेली गोष्ट खोटी निघाली, तर त्याच ग्रुपवर, त्याच लोकांसमोर तसं लिहा. मेसेज गुपचूप पुसून टाकणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. ज्यांनी तो वाचला त्यांच्या डोक्यातून तो पुसला जात नाही.

दादा, तुम्ही हे वाचत असाल तर राग मानू नका. तुम्ही नातीच्या काळजीनेच ढकललात, हे मला माहीत आहे. मीही मुलांच्या भल्यासाठीच चिक्की वाटली होती. पण आज संध्याकाळपर्यंत ग्रुपवर दोन ओळी लिहा. लाजू नका. सर्नच्या शास्त्रज्ञांनी सैल केबल कबूल केली, आपण कोण लागून गेलो?

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. दोन्ही वह्या टेबलावर आहेत आणि हातात लाल पेन. दर कात्रणाच्या खाली पुढे काय झालं ते साल घालून लिहिते आहे. आयुष्यभर मुलांच्या वह्या लाल केल्या, आता स्वतःची करते आहे. माशांच्या पानावर 'माणसाच्या पापाची फळं' हे वाक्य खोडलं आणि खाली सामूचे आकडे लिहिले. चिक्कीच्या पानापाशी मात्र पेन अडलं. तिथे काय लिहिणार? तो मुलगा आता चाळिशीकडे झुकला असेल. कुठे असतो, ठाऊक नाही. भेटला तर त्याच्या मुलांसमोर सांगेन, की त्या दिवशी बाई चुकल्या होत्या.

असो. भाचेसुनेने डॉक्टरांशी बोलून घेतलं. येत्या मंगळवारी लस आहे. आजी म्हणून मी बरोबर जाणार आहे. रडली तर घ्यायला कोणीतरी हवंच ना!

तुमच्याकडेही जुनी कात्रणं असतील. काढा, बघा, आणि कोणती बातमी पुढे खोटी निघाली ते खाली जरूर लिहा. साल मात्र लिहायला विसरू नका.